मुख्याध्यापकांच्या खुर्चीचा भार



2025 सालचा जून महिना आठवून पाहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ची अंमलबजावणी आपल्या राज्यात त्या वर्षी इयत्ता पहिलीपासून होत होती. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने हिंदी ही पहिलीपासून तिसरी भाषा ठरली. 17 जूनला त्यात बदल झाला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचे जाहीर झाले. धोरणाच्या गुणदोषांची चर्चा जाणकारांनी करावी. परंतु शाळा उघडताच ‘मुलाला नेमके काय शिकवणार?’ असे विचारणाऱ्या पालकांना उत्तर द्यावे लागले ते मुख्याध्यापकांनाच.

मुख्याध्यापकांनीही वर्षाकाठी किमान 50 तास स्वतःच्या प्रशिक्षणासाठी द्यावेत, अशी या धोरणाची अपेक्षा आहे. ती रास्तच आहे. पण वेळ कोठून आणावा? यू-डायसची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधारची पडताळणी, पोषण आहाराच्या नोंदी, शालार्थवरील वेतनदेयके यांत दिवस सरतो. पटसंख्या घटली की संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतो, ही चिंता निराळीच. डिसेंबर 2020 च्या निर्णयाने खासगी अनुदानित शाळांत शिपायाच्या रिक्त होणाऱ्या पदाऐवजी ठोक भत्ता आला. तेव्हापासून काही ठिकाणी घंटा कोणी द्यायची, हेही मुख्याध्यापकच ठरवितात.

आपल्यापैकी अनेक जण शाळांचे विश्वस्त आहेत. पेढीवर आपण गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या माणसाला रोजमेळ लिहावयास बसवीत नाही. त्यासाठी मुनीम ठेवतो. शाळेत मात्र ही दोन्ही कामे आपण एकाच व्यक्तीवर सोपवितो. सभेत पट, निकाल आणि शिल्लक विचारतो. ‘या महिन्यात आपण किती वर्गांत जाऊन बसलात?’ असे क्वचितच विचारतो.

कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे 1935 मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालयही काढले. शाळा उभी राहते ती शिकविणाऱ्यांच्या बळावर, हे त्यांनी ओळखले होते.

आहार, औषध, ज्ञान व अभय या चतुर्विध दानांपैकी ज्ञानदानासाठी आपण वर्गखोल्या बांधून देतो, प्रवेशद्वारे उभारतो. येत्या पर्युषणात एक वेगळा संकल्प करावा. आपल्या शाळेस एका लिपिकाचे अथवा एका शिपायाचे वर्षभराचे वेतन द्यावे. त्या दानाची संगमरवरी पाटी लागणार नाही. आणि शाळेच्या पहिल्या दोन तासिकांत विश्वस्तांपैकी कोणीही मुख्याध्यापकांना दूरध्वनी करू नये. तो वेळ त्यांना वर्गात जाता यावे म्हणून मोकळा राहू द्यावा. एवढे तर आपल्या हाती आहे.

जय जिनेंद्र.