एका बापाचे पत्र

इजिप्त देशात कैरोच्या दक्षिणेस सुमारे १६० किलोमीटरवर ऑक्सिरिंकस नावाचे एक प्राचीन नगर होते. ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज विद्वानांनी १८९६ साली तेथील जुने उकिरडे खणण्यास आरंभ केला. कोरड्या वाळूत पपायरसचे असंख्य कागद टिकून राहिले होते. त्यांत करारपत्रे होती, हिशेब होते आणि साध्या माणसांनी आपल्या घरी धाडलेली पत्रेही होती.

त्यांतील एक पत्र ख्रिस्तपूर्व १ या वर्षीचे आहे. प्रभू येशूचा जन्म ज्या काळात झाला, जवळपास त्याच काळातले. हिलारिओन नावाचा एक कामकरी अलेक्झांड्रिया शहरी पोटापाण्यासाठी गेला होता. घरी आलिस ही त्याची पत्नी गरोदर होती. तो तिला 'बहीण' म्हणून संबोधतो. त्या देशी पत्नीस असे म्हणण्याची रीत होती. बरोबरीचे लोक परतले तरी मी येथेच राहीन, तू काळजी करू नकोस, असे तो लिहितो. घरातल्या लहानग्याला जपण्यास सांगतो आणि मजुरी हाती येताच पाठवून देण्याचे वचन देतो. मला विसरू नका, असा तिने निरोप धाडला होता. तुला मी कसा विसरेन, असे तो विचारतो.

आणि याच पत्रात, त्याच सुरात तो सांगतो की, मुलगा झाला तर राहू दे. मुलगी झाली तर टाकून दे.

वाचकहो, हा मनुष्य क्रूर होता असे पत्रावरून वाटत नाही. बायकोवर त्याची माया होती, पहिल्या लेकराची त्याला चिंता होती. परंतु ग्रीक व रोमन समाजात नको असलेले मूल टाकणे ही रूढ गोष्ट होती. रोमन घरात जन्मलेले मूल वाढवावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार पित्याचा होता. दारिद्र्य, हुंड्याचा भार, वाटण्या होऊन तुकडे पडणारी जमीन ही कारणे पुढे केली जात. टाकलेली काही मुले मरत. काही लोक उचलून नेत आणि दास म्हणून वाढवीत. इजिप्तमध्ये तर 'उकिरड्यावरचा' अशा अर्थाची नावे माणसांना आढळतात.

या रीतीस विरोध करणारे त्या काळीही होते. यहुदी लोक आपली मुले टाकीत नसत. मुसोनियस रूफस या रोमन तत्त्ववेत्त्यानेही तिचा निषेध केला. आरंभीच्या ख्रिस्तसभेने तर आपल्या लोकांस स्पष्ट आज्ञाच दिली. 'दिदाखे' या अतिप्राचीन ग्रंथात गर्भपात व बालहत्या निषिद्ध सांगितली आहे. दुसऱ्या शतकात संत जस्टिन याने रोमन सम्राटास लिहिले की, टाकलेली बहुतेक मुले दुराचाराच्या धंद्यासाठी वाढविली जातात, म्हणून मूल टाकणे हे आम्ही पाप मानतो. पुढे इसवी सन ३७४ मध्ये रोमन कायद्याने बालहत्या हा देहदंडाचा अपराध ठरविला.

आलिसला मुलगा झाला की मुलगी, हे कोणास ठाऊक नाही. परंतु त्या पत्रातला विचार आजही मेलेला नाही. आपल्या देशात गर्भाचे लिंग तपासण्यास मनाई करणारा कायदा १९९४ साली करावा लागला. अंगणातले एखादे वाक्यही तोच विचार जागता ठेवते. बाळंतपणाची वार्ता आणणाऱ्या शेजारणीला आपण काय म्हणतो? ‘पुन्हा मुलगीच का?’ हे शब्द खाटेवरच्या मातेच्या कानी पडतातच.

स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईबापांना बाळाचे नाव विचारतात. मुलगा असो वा मुलगी, पाणी तेच आणि आशीर्वादही तोच. देवमंदिरात जिचे असे स्वागत झाले, तिचे घरीही तसेच स्वागत होवो.