हलगी मिरवणुकीला चालते, मग वर्गात का चालत नाही?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. त्यामुळे तिथल्या प्राथमिक शाळेत आमचे जाणेयेणे असते. एकदा चौथीच्या वर्गात एक मुलगा बाक वाजवत होता. ते नुसते बडवणे नव्हते. डाव्या हाताचा ठेका एक, उजव्याचा वेगळा, आणि दोन्ही बरोबर समेवर येत होते. गुरुजी ओरडले, "ए वाजंत्र्या, बंद कर!" वर्ग हसला. मुलाने हात मांडीखाली दाबून धरले.

पुढच्या महिन्यात शाळेत पाहुणे येणार होते. लेझीम बसवली होती, हलगीला माणूस नव्हता. तेव्हा त्याच गुरुजींनी त्याच मुलाला बोलावून सांगितले, "बापाला म्हणावं हलगी घेऊन ये. आणि तूही ये वाजवायला."

वर्गात त्याचे वाजवणे म्हणजे बेशिस्त, पाहुण्यांपुढे तेच वाजवणे म्हणजे सेवा. दोन्ही वेळा ते संगीत मानले गेले नाही. प्राथमिक शाळेतल्या संगीतशिक्षणाचा प्रश्न आम्ही इथून मांडतो, कारण तो इथूनच सुरू होतो.

आधी शाळेत संगीताचे साहित्य काय आहे ते पाहू. या शाळेच्या कपाटात कुणा दानशूराने दिलेली एक पेटी आहे. तिचा भाता उंदरांनी खाल्ला आहे. तबल्याची जोडी आहे, त्यातला डग्गा फुटलेला. एक ब्लूटूथ स्पीकर आहे, तो मात्र रोज वापरात असतो. परिपाठाची प्रार्थना, स्वागतगीत, स्नेहसंमेलनाचा नाच, सगळे त्याच्यावर. मुले गात नाहीत, ऐकतात आणि ओठ हलवतात.

शिकवायला माणूस कुठे आहे? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभरापेक्षा जास्त पटाच्या शाळेत. पहिली ते पाचवीला ती नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, बस. त्या दोघांनी भाषा, गणित, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे आणि वर संगीतही सांभाळायचे. 'खेळू, करू, शिकू' या नावाखाली कला, कार्यानुभव आणि खेळ एकत्र बांधून दिले जातात. पुस्तकात पान असते. हातात वाद्य नसते.

आता कुणी म्हणेल, हा निधीचा प्रश्न आहे, यात जात कशाला आणता? आम्ही आणत नाही, ती आधीच कपाटात बसलेली आहे. दान देणाऱ्याला पेटी-तबलाच द्यावासा का वाटला? त्या गावात हलगी आहे, घुमकं आहे, कैताळ आहे, ढोलकी आहे, धनगरवाड्यावर गजी ढोल आहे. हे सगळे वाजवणारी माणसे शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर राहतात. त्यांची मुले याच शाळेत शिकतात. तरीही 'आमच्याकडे संगीताचे साहित्य नाही' असे शाळा लिहून देते. डोळ्यांसमोर असलेले न दिसण्याची ही सवय कुठून आली?

थोडा इतिहास पाहावा लागेल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंडे यांनी राग आणि चिजा स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तके तयार केली. दरबारात आणि घराण्यांत अडकलेले संगीत त्यांनी वर्गात आणले, हे काम मोठेच होते. पण त्या वर्गात कोणते संगीत आले आणि कोणते दाराबाहेर राहिले? जानकी बखले यांनी २००५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवले आहे की हे संगीत 'राष्ट्रीय' आणि 'सभ्य' होत असताना मुसलमान उस्ताद बाजूला पडत गेले. आमचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. उस्ताद निदान बाजूला तरी पडले. हलगीवाला, संबळवाला, जात्यावर ओवी गाणारी बाई यांचा तर विचारही झाला नाही. 'शास्त्र' एकीकडे गेले, 'लोक' दुसरीकडे. शाळेने शास्त्राची नक्कल उचलली आणि लोक मिरवणुकीपुरते ठेवले.

हे सुराच्या शुद्धतेवरून ठरले म्हणावे तर पेटीकडे पाहा. पेटी युरोपातून आली. ती आपल्या संगीताला चालत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती, आणि ती बंदी पुढे अनेक वर्षे टिकली. आज तीच पेटी भारतीय संगीताची खूण म्हणून शाळेच्या कपाटात आहे. परदेशी वाद्य तीन-चार पिढ्यांत घरचे झाले. गावच्या हलगीला मात्र अजून पायरी चढता आली नाही. कातड्याचा विटाळ म्हणावा, तर तबल्याची पुडीही बकऱ्याच्याच कातड्याची असते. टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. २०२० मध्ये त्याच्या प्रकाशनासाठी दिलेली जागा चेन्नईच्या कलाक्षेत्राने ऐनवेळी नाकारली. कातडे कमावणारा हात झाकला गेला की वाद्य पवित्र, हात दिसला की अडचण. प्रश्न कातड्याचा नाही, हाताचा आहे.

लेझीमचे उदाहरण तर रोजचे आहे. लेझीम आखाड्यातून शाळेच्या कवायतीत आली. आज पाटलाचा मुलगा, सुताराचा मुलगा, बौद्धाची मुलगी, सगळ्यांच्या हातात ती असते. कुणी तिला एका जातीची म्हणत नाही. पण जिच्या तालावर लेझीम खेळली जाते ती हलगी मैदानाच्या कडेलाच राहिली, आणि तिच्यासाठी माणूस अजून मांगवाड्यातूनच बोलावला जातो. म्हणजे लोकवाद्य शाळेत येऊ शकते, सर्वांचे होऊ शकते. हलगीचे तसे होऊ दिलेले नाही.

इथवर अनेक मित्र आमच्याशी सहमत होतील. अडचण याच्या पुढे आहे.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. हलगी वर्गात आणावी, त्याच्या वडिलांनी शिकवावी, असा आमचा विचार होता. वडील गुरुजींवर चिडलेले होतेच, पण आमचे ऐकून आमच्यावरही चिडले. म्हणाले, "सर, पोराच्या हातात काडी दिऊ नगा, पेन द्या. आमच्या चार पिढ्यांनी काडीच धरली. लगीन असू द्या न्हायतर मयत, बोलावलं की जायाचं, आन् जेवायला समद्यांच्या मागनं बसायचं. तुम्हाला त्यात कला दिसती?"

आम्ही गप्प झालो. आम्हाला उत्तर देण्याचा सहज हक्कही नव्हता. आम्ही बौद्ध. आमच्या आज्या-पणज्यांनी महाडच्या १९२७ च्या हाकेनंतर आणि पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावकीची कामे टाकली, त्यासाठी बहिष्कार सोसले. ते योग्यच होते. आज हलगीच्या गौरवावर लेख लिहिणे आम्हाला सोपे जाते, कारण ती आमच्या गळ्यात नाही. ती मातंग बांधवाच्या गळ्यात आहे. म्हणून 'आपली संस्कृती जपा' असा उपदेश त्या बापाला करणे हा शुद्ध निलाजरेपणा ठरेल. हा उपदेश आज बरेच जण करतात. लोककला महोत्सवात फेटा बांधून हलगीवाल्याला उभे करतात, शाल-नारळ देतात आणि 'परंपरा' म्हणून टाळ्या वाजवतात. त्याच्या मुलाने तेच करावे, ही त्या टाळ्यांमधली अपेक्षा असते.

मग हलगी सोडून द्यायची का? आमचे उत्तर 'नाही' आहे, आणि ते आम्हाला बाबासाहेबांकडेच सापडते.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी जातीवर घेतलेल्या मोठ्या आक्षेपांपैकी एक असा की ती माणसाला आपले काम स्वतःच्या कुवतीने आणि आवडीने निवडू देत नाही, जन्मावरून वाटून देते. म्हणजे अपमान वाद्यात नाही, सक्तीत आहे. हेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आमच्या मुलांना त्यांच्या हातातले पुस्तक माहीत आहे, खिशातले पेन माहीत आहे, व्हायोलिनचा गज माहीत नाही. तो गज त्यांच्यावर कुणी लादला नव्हता, त्यांनी तो निवडला. पेन की काडी, हा पेच व्यवस्थेने आपल्यासमोर टाकलेला आहे. सवर्णाच्या मुलापुढे तो कधीच नसतो. तो गणितही शिकतो आणि गाण्याच्या क्लासलाही जातो, आणि त्या क्लासने त्याची जात उघडी पडत नाही, उलट प्रतिष्ठा वाढते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आमच्या मुलाकडचे तेच ज्ञान शाळेच्या दारात खोटे नाणे ठरते.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. संबळ देवीच्या गोंधळाचा, दिमडी खंडोबाच्या वाघ्याची, चौंडकं यल्लमाच्या जोगतिणीचे, मग हे शाळेत आणणे म्हणजे अंधश्रद्धा आणणे नव्हे का? हा आक्षेप गंभीर आहे. पण चळवळीने त्याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. सत्यशोधक जलशाने तमाशाचा बाज घेतला आणि त्यातला आशय बदलला. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तेच केले. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव गाऊन अक्षर न वाचू शकणाऱ्यांपर्यंत भीमविचार नेला. अण्णाभाऊंनी शाहिरी आणि तमाशाचा साचा कामगारांच्या लढ्याला दिला. यातल्या कुणीही वाद्य टाकले नाही, वाद्याची गुलामी टाकली. तमिळनाडूत परई या वाद्याचेही तसेच झाले. ते मयताला वाजवणे हे दलितांवर लादलेले काम होते. तिथल्या कार्यकर्त्यांनी तेच वाद्य निषेधाचे केले, मुलींच्या हातात दिले. २०२५ मध्ये परईवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून आमची मागणी अटींसह आहे.

पहिली अट, हलगी वर्गात येईल ती प्रत्येक मुलासाठी. पाळीपाळीने सगळे वाजवतील, मुलीही. कोण वाजवणार हे आडनावावरून ठरणार नाही. दुसरी, शिकवायला येणारा कलावंत शिक्षक म्हणून येईल, खुर्चीवर बसेल आणि ठरलेले मानधन घेईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलाकारांना शाळेत तज्ज्ञ निदेशक म्हणून घेण्याची भाषा आहे. त्या धोरणाशी आमचे अनेक मतभेद आहेत, पण हे वाक्य धरून बसायला काय हरकत आहे? तिसरी, वाद्याबरोबर त्याचा इतिहासही सांगितला जाईल: कोणी बनवले, कोणाला सक्तीने वाजवायला लावले, ती सक्ती कोणी मोडली. इतिहास वगळून हलगी शिकवली तर ती पुन्हा मिरवणुकीचीच होईल.

साहित्य महाग नाही. फायबरच्या पानाची हलगी शेकावी लागत नाही. आवाज मोठा म्हणून खोलीऐवजी झाडाखाली तास घ्यावा. ताल आधी, स्वर नंतर. चालणे, टाळी, मोजणी यांतून लहान मूल ताल लवकर पकडते. हंगेरीत झोल्टान कोडाय यांनी मुलांचे संगीतशिक्षण लोकगीतांवर उभे केले, कारण ती मुलाची संगीतातली मातृभाषा असते. आपल्याकडे ही मातृभाषा ध्वनिमुद्रित होऊन तयार आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक मोफत ऐकता येतात, आणि त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. ज्यांनी त्या गायल्या त्यांतल्या अनेक बाया कधी शाळेची पायरी चढल्या नाहीत. त्यांचा आवाज तरी शाळेत जाऊ द्या.

हे करायला मंत्रालयाकडे पाहत बसायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि त्यांत वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात स्थान आहे. आपल्यापैकी किती जण त्या बैठकीला जातात? जयंतीला डीजेचे भाडे भरताना आपला हात आखडत नाही. एका रात्रीच्या त्या पैशात किती शाळांत वाद्यांची पेटी गेली असती, याचा हिशोब प्रत्येक मंडळाने स्वतः करावा. वामनदादांच्या वारसांनी स्पीकर भाड्याने आणून ओठ हलवायचे, तर त्या शाळेत आणि आपल्यात फरक काय राहिला?

त्या वडिलांशी आमचे बोलणे नंतरही चालू राहिले. शेवटी त्यांनी एकच अट घातली. "आधी पाटलाच्या पोराच्या गळ्यात अडकवा हलगी. त्यो वाजवायला लागला की माझ्या पोराला धाडतो." आमच्या तीन अटींपेक्षा ही एक अट नेमकी आहे. पुढच्या समितीच्या बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत, आणि त्यात पहिली ओळ त्यांचीच असेल. तुमच्या गावच्या बैठकीत ती कोण मांडणार?

जयभीम!