नमुन्यामागचे गाव

जनुक बँकेतील नमुन्यांची संख्या वाढली की आपण समाधानाने वार्षिक अहवाल लिहितो. पण पिकांतील वैविध्य नकाशावर सारखे पसरलेले नाही. त्यामुळे नमुना कोणत्या गावचा, किती उंचीवरचा, कसल्या पाण्यावर वाढलेला हे ठाऊक नसेल, तर त्याचे निम्मे मोल पाकिटात भरतानाच गेलेले असते. निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी १९२६ मध्ये पिकांची उगमकेंद्रे मांडली, ती वैविध्य जिथे दाट तिथे पिकाचा जन्म, या धारणेवर. सातूच्या बाबतीत ती टिकली नाही. इथिओपियात सातूचे वैविध्य अफाट आहे, पण हे पीक प्रथम लागवडीखाली आले पश्चिम आशियात. इथिओपियात ते बहरले ते चढउताराच्या जमिनींत, शेतकऱ्यांच्या निवडीतून; आणि पिवळ्या खुजेपणाच्या विषाणूला आवर घालणारे वायडी-२ हे जनुक तिथल्याच सातूत सापडले. म्हणजे वैविध्याच्या नकाशात उगमापेक्षा परिस्थिती आणि निवड अधिक ठळक वाचता येते. केरळातील पोक्कली, गोव्याच्या खाजणांतील कोरगुट, कोकणच्या खारजमिनीतील काळा राता हे भात खाऱ्या पाण्याने घडवले आहेत.

आता जनुकक्रम स्वस्तात वाचता येतो, मग गावाची नोंद कशाला, असे काही पैदासकार विचारतात. जनुकक्रम नमुन्यांतील फरक दाखवतो. कोणता फरक कशासाठी तपासावा, हे बहुधा ठिकाण सुचवते. गव्हाच्या १६,०८९ नमुन्यांतून, भुरी रोगाला प्रतिकारक वाण आधी जिथे मिळाले होते तशा हवामानातले १,३२० निवडले गेले. त्यांतून पीएम-३ जनुकाची सात नवी प्रतिकारक रूपे हाती आली. हे २००९ चे काम प्रत्येकाने मुळातून वाचावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाताच्या ग्रासी स्टंट विषाणूला प्रतिकार करणारा नमुना सहा हजारांहून अधिक नमुन्यांत एकच निघाला: उत्तर प्रदेशातील ओरायझा निवारा हा रानभात. नुसते हवामान पाहून तो हाती लागला नसता, हे मान्य. पण यावरून ठरते ते एवढेच की रानवाणांचे संकलन दाट हवे, एका जागेवरून अनेक झाडांचे हवे, आणि त्याच जागी परत जाता येईल इतकी नेमकी नोंद हवी. नुसता जिल्हा लिहिलेल्या नमुन्याच्या मुळाशी कोणाला परतता येणार?

यंदाच्या हंगामात संकलनाला निघणाऱ्या प्रत्येकाला विनंती: पिशवी बांधण्याआधी अक्षांश-रेखांश, जमीन, पाण्याची सोय, वाणाचे स्थानिक नाव आणि ते का राखले याचे शेतकऱ्याने सांगितलेले कारण लिहून घ्या.