'गीतरामायणा'चा आवाज : ध्वनिमुद्रिकेच्या संहितेविषयी काही विचार

दोन-तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी 'गीतरामायणातील पात्रनिवेदने' हा विषय निवडला होता. रूपरेषा नीटस होती आणि तिचा अभ्यासही होता. तथापि मान्यतेच्या बैठकीतून ती रूपरेषा एका ओळीच्या शेऱ्यासह परत आली. शेरा असा की, विषय संगीत विभागाच्या कक्षेतील वाटतो. साहित्याच्या अंगाने अभ्यास करावयाचा असल्यास केवळ मुद्रित संहिता विचारात घ्यावी. विद्यार्थिनीने पुढे एका कादंबरीकारावर प्रबंध लिहिला व ती उत्तीर्ण झाली. तो शेरा मात्र माझ्या मनातून गेलेला नाही. 'गीतरामायणा'ची 'केवळ मुद्रित संहिता' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या बैठकीत कोणालाही पडला नव्हता. मलाही तो तेव्हा पुरता पडला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

लोकप्रिय गीतसंचांच्या जन्मकथा आपल्याकडे आवडीने सांगितल्या जातात. कार्यक्रमाचे निवेदक त्या सांगतात, रविवारच्या पुरवण्यांत त्या छापून येतात. साहित्याचा अभ्यासक त्यांच्याकडे 'आठवणी' म्हणून पाहतो आणि पुढे जातो. माझ्या मते येथेच चूक होते. या कथांमध्ये संहितेविषयीची माहिती दडलेली असते. ती बाहेर काढण्यासाठी त्या ऐकून सोडून न देता वाचाव्या लागतात.

'गीतरामायणा'चीच कथा घेऊ. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. तेथील सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकरांनी रामकथेवर गीतमाला लिहिण्याचे मान्य केले व सुधीर फडके यांनी ती संगीतबद्ध केली. पहिले गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी सकाळी पावणेनऊ वाजता प्रसारित झाले आणि शेवटचे १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढच्या रामनवमीला. एकंदर गीते छप्पन्न. हा छप्पन्नचा आकडा कोठून आला? वर्षाचे आठवडे तर बावन्न. याचे उत्तर छंदःशास्त्रात किंवा वाल्मीकींच्या कांडरचनेत सापडणार नाही. ते पंचांगात आहे. १९५५ साली भाद्रपद अधिक आला. त्यामुळे दोन रामनवमींमधील अंतर तीनशे चौऱ्याऐंशी दिवसांचे झाले आणि आठवड्याला एक या हिशेबाने रामनवमी ते रामनवमी छप्पन्न गीतांची जागा निर्माण झाली. अधिकमास नसता तर 'गीतरामायण' चार-पाच गीतांनी आखूड झाले असते. ती गीते कोणती असती, हा तर्काचा विषय आहे. परंतु एका काव्याची लांबी अधिकमासाने ठरावी, ही गोष्ट आपल्या रचनाविचारात कोठेतरी नोंदली जावयास हवी. सुमारे चोवीस हजार श्लोकांचा ग्रंथ छप्पन्न गीतांत आणताना काय ठेवावे व काय गाळावे याचा निर्णय कवीचा होता. त्या निर्णयाची चौकट मात्र प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाने आखून दिली होती.

गीताच्या अंतर्गत लांबीचेही तेच. मराठी भावगीत अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर वाढले. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या आवाजात घरोघर पोहोचली ती याच तबकडीवरून. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. ध्रुपद, दोन-तीन कडवी, मध्ये थोडे वाद्यसंगीत, एवढ्यात ती संपते. आपण ज्याला भावगीताचा 'आटोपशीरपणा' म्हणून गौरवतो, त्यातील काही भाग या तबकडीच्या परिघाचा आहे. 'गीतरामायण' मात्र पंधरा मिनिटांच्या प्रक्षेपणासाठी लिहिले गेले. म्हणून त्यातील गीते सात-सात, आठ-आठ, दहा-दहा कडव्यांची होऊ शकली. एखादे पात्र बोलू लागते, थांबते, मागचे आठवते, पुन्हा मूळ मुद्द्यावर येते. हा विस्तार भावगीताच्या तीन मिनिटांत मावला नसता. माडगूळकरांना आख्यानाची परंपरा ठाऊक होती हे खरे. पण त्या परंपरेला लागणारा वेळ त्यांना नभोवाणीने दिला.

आता त्या प्रसिद्ध आख्यायिकेकडे वळू. असे सांगितले जाते की, पहिल्या गीताचा कागद फडके यांच्याकडून हरवला. ध्वनिमुद्रणाची वेळ जवळ आलेली. माडगूळकर संतापले, पुन्हा लिहिणार नाही म्हणाले. अखेर त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी घालण्यात आली आणि अवघ्या काही मिनिटांत त्यांनी ते गीत पुन्हा लिहून दिले. कथा सांगणाऱ्यागणिक मिनिटे कमीजास्त होतात. ती खरी की खोटी यात मला फारसे स्वारस्य नाही. स्वारस्य आहे ते तिच्या घाटात. मूळ संहिता नष्ट होते आणि ती जशीच्या तशी, किंबहुना अधिक तेजाने, परत येते, हा घाट मराठी मनाला अनोळखी नाही. इंद्रायणीत बुडालेल्या आणि तरलेल्या गाथेची कथा आपण शतकानुशतके सांगत आलो आहोत. ज्या कवीला लोक 'आधुनिक वाल्मीकी' म्हणू लागले, त्याच्या वाट्याला तुकोबांच्या चरित्रातील चमत्काराचे एक लौकिक रूप आले. नदीच्या जागी आकाशवाणीची बंद खोली आली, एवढेच.

या आख्यायिकेचा तोटाही आहे. ती लेखनातील श्रम झाकते. माडगूळकर तोवर चित्रपटासाठी वर्षानुवर्षे लिहीत आलेले होते; प्रसंग, पात्र, तोंडची भाषा आणि चाल या चौकोनात गीत बसविण्याचा त्यांचा सराव झालेला होता. चित्रपटगीत हे पात्राचे असते, कवीचे नसते. 'गीतरामायणा'तील प्रत्येक गीत कोणा ना कोणा पात्राच्या मुखी आहे, याचे मूळ मला वाल्मीकींइतकेच या व्यवसायात दिसते. आमचे समीक्षक ही गोष्ट दबक्या आवाजात सांगतात. चित्रपटाचा उल्लेख केल्याने काव्याला कमीपणा येतो असा काहीसा समज आहे. तो सोडून द्यावा.

माझा मुख्य मुद्दा यापुढचा आहे. मी लहानपणी 'गीतरामायण' ऐकले ते ध्वनिफितीवर. रामनवमीच्या आधीचे आठ दिवस आमच्या गावच्या देवळात पहाटेपासून त्या फिती लागत. आवाज एकच, सुधीर फडके यांचा. कौसल्याही तेच, शूर्पणखाही तेच, शबरीही तेच. हे असेच असते, अशी माझी समजूत होती. एम.ए.च्या वर्गात असताना प्रथम कळले की मूळ प्रक्षेपणात निरनिराळ्या पात्रांसाठी निरनिराळे गायक होते. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, बबनराव नावडीकर आणि लता मंगेशकरही. पुढे एच.एम.व्ही.ने संपूर्ण गीतमाला फडके यांच्या एकट्याच्या आवाजात काढली; त्यांचे जाहीर प्रयोगही वर्षानुवर्षे होत राहिले. बहुसंख्य श्रोत्यांच्या स्मरणात राहिले ते हे दुसरे 'गीतरामायण'.

म्हणजे एकाच शब्दसंहितेची दोन रूपे झाली, आणि माझ्या मते ती दोन वेगळ्या वाङ्मयप्रकारांत मोडतात. अनेक आवाजांचे पहिले रूप संगीत नाटकाच्या जवळचे आहे. तेथे पात्र समोर येते, आपले म्हणणे मांडते आणि निघून जाते. निवेदक जवळजवळ अदृश्य असतो. एकट्या आवाजाचे दुसरे रूप कीर्तनकाराचे आहे. कीर्तनकार कैकेयीही होतो आणि दशरथही होतो, पण श्रोता क्षणभरही विसरत नाही की बोलतो आहे तो बुवा. पहिल्या रूपात सीतेचे दुःख सीतेचे असते. दुसऱ्यात ते सांगितले जाते. गंमत अशी की, गीतमालेची चौकट पाहिली तर दुसरे रूपच तिला अधिक मानवते, कारण ही सारी कथा रामासमोर लव-कुश गात आहेत. सगळी पात्रे मुळातच गायकांच्या मुखातून येतात. फडके यांनी हा विचार करून एकट्याने गायिले की व्यवहाराच्या सोयीसाठी, हे येथे गौण आहे. परिणाम तोच होतो.

परंतु काही गमावलेही. अहल्या शापमुक्तीचा आनंद व्यक्त करते तेव्हा तिची क्रियापदे स्त्रीलिंगी असतात. ती पुरुषाच्या आवाजात येतात आणि आपल्याला खटकत नाहीत. का खटकत नाहीत? ज्ञानदेवांच्या विरहिणीपासून बालगंधर्वांपर्यंत आपला कान तयार झालेला आहे म्हणून. ही परंपरा मोठी आहे यात शंका नाही. तथापि १९५५ साली स्त्रियांचे स्वर त्या पात्रांना लाभले होते आणि नंतरच्या सार्वजनिक स्मृतीतून ते मागे पडले, ही वस्तुस्थितीही तितकीच मोठी आहे. 'गीतरामायणातील स्त्रीपात्रे' या विषयावर लिहिताना आपण छापील पुस्तक उघडतो आणि कानात फडके यांचा आवाज असतो. माणिक वर्मांच्या स्वरात ऐकणाऱ्या त्या काळच्या श्रोत्याला कदाचित वेगळी सीता भेटली असेल. आमच्या विद्यार्थिनीला नेमके हेच तपासावयाचे होते.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. श्रीनिवास खळे यांच्या संगीतात तुकोबा लता मंगेशकरांच्या आवाजात आले, आणि शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९७४ साली हृदयनाथ मंगेशकरांनी सिद्ध केलेल्या 'शिवकल्याण राजा' या संचात रामदासही त्याच आवाजात आले. हा संच तर मला संपादित संग्रह म्हणूनच अभ्यासावासा वाटतो. त्यात रामदास व भूषण हे सतराव्या शतकातील कवी, गोविंदाग्रज, सावरकर व कुसुमाग्रज हे विसाव्या शतकातील, आणि मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन. पुस्तकात हे कवी एकत्र आणले असते तर संपादकाला प्रस्तावना लिहावी लागली असती, कालखंडांचे भान ठेवावे लागले असते, भूषणाची भाषा ब्रज आहे हे सांगावे लागले असते. येथे एक स्वर आणि एक निवेदन तीनशे वर्षांचे अंतर पुसून टाकते. समकालीनाने राजाला वाहिलेली स्तुती आणि पारतंत्र्यातील कवीने त्या राजाला घातलेली साद, या दोन भिन्न कृती आहेत. संच ऐकताना त्या एक होतात. हे सामर्थ्य आहे. संपादनाच्या दृष्टीने पाहता हा दोषही आहे. माझे मत अद्याप दोलायमान आहे. पण निवड, क्रम आणि जोडणारे गद्य या तीन गोष्टी जेथे आहेत तेथे संपादन आहे, आणि संपादन आहे तेथे आमच्या विषयाची कक्षा आहे.

'केवळ मुद्रित संहिता' या शेऱ्याकडे पुन्हा येतो. 'गीतरामायणा'चे पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५७ मध्ये काढले. म्हणजे छप्पन्नही गीते लोकांनी ऐकली, त्यांतील बरीच पाठ केली, आणि त्यानंतर ती ग्रंथरूपाने हाती आली. मुद्रित प्रत ही येथे उत्तरकालीन प्रत आहे. पाठचिकित्सेचा साधा नियम लावला तरी पूर्वकालीन साक्ष कोणती, हे वेगळे सांगावयास नको. पुढे हिंदी, कन्नड, तेलुगू, बंगाली आदी भाषांत अनुवाद झाले तेही बहुतांशी फडके यांच्याच चालींवर गाता यावेत अशा बेताने. त्या अनुवादकांच्या समोर पुस्तक होते, पण अनुवाद त्यांनी चालीसकट केला. काव्याच्या अनुवादाचा आमच्याकडे जो विचार होतो त्यात या प्रकारासाठी संज्ञादेखील नाही.

एम.ए.च्या अभ्यासपत्रिकेत मौखिक वाङ्मय हा घटक आहे. तेथे आपण जात्यावरच्या ओव्या शिकवितो, पोवाडा शिकवितो आणि गाणारा व ऐकणारा यांच्याविना ती संहिता अपुरी असल्याचे आवर्जून सांगतो. जात्यावरील ओवीला जी सवलत मिळते ती तबकडीवरील गीताला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. आकाशवाणीची जुनी वेळापत्रके, तबकड्यांची वेष्टने व त्यांवरील मजकूर, ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या सूच्या ही सगळी आमची साधने आहेत. ती रद्दीत जात आहेत. माझ्याकडील 'शिवकल्याण राजा'चे वेष्टन एका जुन्या बाजारात मिळाले. आत तबकडी नव्हती, विक्रेत्याने ते फुकट दिले.

त्या विद्यार्थिनीची परत आलेली रूपरेषा अजून माझ्या कपाटात आहे. विषय पुन्हा एखाद्याने घ्यावा म्हणून मी ती यंदा मान्यतेच्या बैठकीत नव्याने ठेवणार आहे. शीर्षकात बदल केलेला नाही.