धुराची परीक्षा

शाळेत नापास होऊन घरी आलेल्या मुलाचा चेहरा कसा असतो, हे आमच्या वाचकांपैकी प्रत्येक मातापित्यास ठाऊक आहे. परंतु घरची गाडी नापास होऊन परत येते तेव्हा तिच्या मालकाचा चेहरा कसा होतो, हे जाणणारे थोडेच असतील. त्या थोड्यांत आता आमचीही गणना झाली आहे.

आमची जीप १९९६ सालची, डिझेलवर चालणारी. तीन वर्षांपूर्वी ती आम्ही चिकोडीकडील एका गृहस्थांकडून विकत घेतली. खताची पोती, आजारी माणसे, लग्नाचे वऱ्हाड, रविवारी मिस्सेला जाणारी वृद्ध मंडळी, असा सर्व भार ती बिनतक्रार वाहते. मात्र पूर्वीच्या मालकाने तिच्यावर आपली बरीच हौस भागवून घेतली होती. टायर रुंद घातले होते. सायलेन्सर कापून आखूड केला होता. हवा गाळणारी मोठी पेटी काढून तिच्या जागी मुठीएवढी चकचकीत जाळी बसविली होती. शिवाय पंपाचा स्क्रू फिरवून इंजिनास मिळणारे डिझेल वाढविले होते. या शेवटच्या करामतीमुळे आमची जीप माणसांनी भरलेली असतानाही तवंदीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढत असे. मागे काळ्या ढगांची रांग लागे. पण आमची दृष्टी पुढच्या रस्त्यावर असल्यामुळे ती आम्हांस दिसत नसे.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दर सहा महिन्यांनी धुराची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. आम्ही दोन वेळा गाडी अंगणात ठेवून नुसता कागद आणविला. चार पैसे अधिक दिले की कागद घरपोच येतो, असे कोणी सांगितले आणि आम्ही ते आनंदाने मान्य केले. आणून देणाऱ्याचा दोष होताच. परंतु मागणाराच नसता तर देणाऱ्याने काय केले असते?

आमच्या शेजारी एक लहान मुलगा आहे. त्याला दम्याचा विकार आहे. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही जीप सुरू केली आणि नेहमीप्रमाणे ती गरम होईपर्यंत अंगणात धडधडत ठेवली. मुलगा ओसरीवर पाटी घेऊन बसला होता. तो खोकत आत गेला. पाठोपाठ त्याची आई बाहेर आली, तिने आमच्याकडे एकदा पाहिले आणि मुकाट्याने खिडकी लावून घेतली. ती रागावून बोलली असती तर आम्ही काही उत्तर दिले असते. ती बोलली नाही, म्हणून आम्हांस उत्तर सुचेना. त्या घरपोच कागदावर आमच्या गाडीचा धूर निर्दोष ठरला होता. खिडकी लावणाऱ्या त्या माऊलीस मात्र तो कागद कोणी दाखविला नव्हता.

पुढील आठवड्यात आम्ही जीप घेऊन निपाणीस तपासणी केंद्रावर गेलो. डिझेलच्या गाडीची परीक्षा कशी होते, हे वाचकांस सांगितले पाहिजे. गाडी उभी करून, गिअर न टाकता, अॅक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबतात आणि सोडतात. असे अनेक वेळा करतात. सायलेन्सरच्या तोंडाशी नळी लावलेली असते. तिच्यातून धूर यंत्रात जातो आणि तेथे त्याच्या आरपार प्रकाश सोडतात. धूर जितका दाट, तितका प्रकाश अडतो. हे अडणे आकड्यात मोजले जाते. आमच्या जीपसारख्या जुन्या डिझेल गाडीस हा आकडा प्रतिमीटर २.४५ पर्यंत माफ आहे. भारत स्टेज चारच्या गाडीस, म्हणजे १ एप्रिल २०१७ पासून देशभर जी पद्धत सर्व नव्या मोटारींस सक्तीची झाली त्या पद्धतीच्या गाडीस, १.६२ हीच मर्यादा आहे. पेट्रोलच्या मोटारीची तपासणी वेगळी. तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन मोजतात. २००० सालापूर्वीच्या चारचाकीस कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३ पर्यंत चालतो; पुढच्या पिढीच्या गाडीस शेकडा अर्धा, आणि भारत स्टेज चारच्या गाडीस त्याहूनही कमी. म्हणजे जुन्या गाडीकडून नव्या गाडीइतकी अपेक्षा कायदा करीत नाही. जिच्या त्तिच्या वयाप्रमाणे तिची परीक्षा घेतली जाते.

इतकी सवलत असूनही आमची जीप सपशेल नापास झाली. आकडा आला ३.९. आता नापास गाडीलाही तसा लेखी कागद मिळतो. २०२१ साली सर्व देशासाठी प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरला, तेव्हापासून ही पद्धत आली. तो कागद खिशात घालून आम्ही एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जीप सुरू करावयास लावली, दोन वेळा धूर पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, ही गाडी लई खाती, पर श्वास कमी घेती.”

पुढे पाऊण तास त्यांनी आम्हांस जे शिकविले, त्याचे सार असे. डिझेल पुरते जळावयास पुरेशी हवा लागते. हवा कमी पडली किंवा डिझेल अधिक झाले की त्याची काजळी होते. तोच काळा धूर. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जळत आहे. रिंगा किंवा वॉल्व्ह झिजले असावेत. गरम झालेल्या इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडत आहे असे समजावे. आमचा धूर काळा होता, हे त्यांतल्या त्यांत सुदैव. इंजिन धडधाकट होते. बिघडविले होते ते माणसाने.

प्रथम ती चकचकीत जाळी निघाली आणि जुन्या बाजारातून मूळची हवेची पेटी मिळवून बसविण्यात आली. इंजिन ऑइल आणि डिझेलचा फिल्टर बदलला, टॅपेट लावून घेतले. पुन्हा तपासणी केली, आकडा ३.१. मग पंप आणि नोझल उतरवून पंप-नोझलच्या कारखान्यात नेले. तेथे पंप यंत्रावर चढवून प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जाते हे मोजतात आणि सर्वांस सारखे व ठरल्याप्रमाणे करून देतात. दोन नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब गाळीत होते, ते बदलले. वाढविलेला स्क्रू मूळ जागी आला आणि त्यावर सील बसले. सायलेन्सरही पूर्ण लांबीचा घातला. तिसऱ्या तपासणीस आकडा आला १.९, आणि जीप उत्तीर्ण झाली.

खर्च आमच्या महिन्याच्या हिशेबास जाणवण्याइतका झाला. शिवाय तवंदीचा घाट आता दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो, आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवितात. पण त्याच डिझेलात जीप पूर्वीपेक्षा अधिक मैल चालते, हेही खरे. जे डिझेल काजळी होऊन शेजाऱ्यांच्या ओसरीवर पडत होते, ते आता चाकांच्या कामी येते.

ज्या वाचकांच्या घरी अशी जुनी गाडी असेल त्यांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. तपासणीस जाताना गाडी वीस मिनिटे तरी चालवून न्यावी. थंड इंजिन अधिक धूर सोडते. तपासणीच्या दिवशीच धावपळ न करता हवेचा फिल्टर, ऑइल आणि नोझल आधी पाहून घ्यावेत. इंजिनच बदलले असेल, तर ती गोष्ट लपवू नये. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये परवानगीवाचून इंजिन बदलले गेल्यास चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळवावे लागते. कारखान्याने ठरविलेल्या मूळ घडणीस विरोधी असे फेरफार करता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. धुराचे नियम मोडणारास केंद्रीय कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तुरुंगवासही सांगितला आहे. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी मोटारीत जोडण्याचा मोह तर कोणी करूच नये. तो गुन्हा आहे आणि त्यात जिवाशी गाठ आहे.

आमच्या भागात आणखी एक प्रश्न नेहमी निघतो. के. ए. २३ ची गाडी कागलला गेली तर तिकडे आपला कागद चालतो काय? चालतो. इकडे त्यास एमिशन टेस्ट म्हणतात, दूधगंगेचा पूल ओलांडला की त्याचेच नाव पी. यू. सी. होते, प्रमाणपत्र मात्र सर्व देशात एकच. आणि तसे असणेच योग्य. कोगनोळीच्या रस्त्यावर सोडलेला धूर नदीकाठी थांबून पलीकडच्या राज्याची परवानगी विचारीत नाही.

परवा सकाळी आम्ही जीप सुरू केली. शेजारचा मुलगा ओसरीवर बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिले, मग पुन्हा पाटीकडे पाहिले आणि लिहू लागला. त्याची आई दारात तांदूळ निवडीत होती. खिडकी उघडीच राहिली. तपासणी केंद्राने दिलेला कागद आमच्या खिशात आहे. पण आम्ही खरोखर उत्तीर्ण झालो, ते त्या सकाळी, असे आम्हांस वाटते.