‘न खेळलेला’ खेळाडू

अमोल मुझुमदार या नावापुढे वर्षानुवर्षे एकच विशेषण लागत आले : दुर्दैवी. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि संघाचे प्रशिक्षक म्हणून हे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. तेव्हा ‘दुर्दैवी’च्या जोडीला ‘अखेर न्याय मिळाला’ हे आले, इतकेच. या दोन्हींबद्दल माझी तक्रार आहे. ती क्रिकेटरसिकाची नसून मराठीच्या अध्यापकाची आहे.

कथा सर्वांना पाठ आहे. 1988 साली हॅरिस शील्ड स्पर्धेत तेंडुलकर-कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी रचली आणि शारदाश्रमचा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसूनच राहिला. प्रतिमा देखणी आहे. पण देखण्या प्रतिमा समीक्षेत घात करतात, तसा हिनेही केला. तो मुलगा पुढे उठला आणि वीस वर्षे खेळला, हे तिच्यात मावत नाही. 1993-94 च्या हंगामात रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध 260. प्रथम श्रेणी पदार्पणातील हा विश्वविक्रम 2018 पर्यंत अबाधित राहिला. एकूण 171 सामने, 11,167 धावा, 30 शतके. 2006-07 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून होते. ते दार उघडले नाही.

मला खरे कुतूहल आहे ते 2009 नंतरच्या काळाचे. पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा हा मुंबईकर आसामकडून खेळू लागला, मग आंध्रकडून, आणि 2014 मध्ये निवृत्त झाला. कसोटीची आशा मावळल्यानंतरही पहाटे उठून सरावाला जाणे म्हणजे काय, हे तिथे कळले असते. पण आपल्या क्रीडालेखनाने ही वर्षे एका वाक्यात उरकली.

वाङ्मयेतिहास शिकवताना आपण तरी वेगळे काय करतो? एक कप्पा युगप्रवर्तकांचा, दुसरा उपेक्षितांचा. तीस-तीस वर्षे दिवाळी अंकांतून निष्ठेने कथा लिहिणारा लेखक या दोहोंत बसत नाही. तो ‘आणि इतर’मध्ये जातो. मधल्या माणसाला आपल्या समीक्षेच्या परिभाषेत शब्दच नाही. ‘दुय्यम’ म्हणावे तर त्यात निकाल आहे, ‘उपेक्षित’ म्हणावे तर गहिवर.

मुझुमदारचा विषय वर्गात निघाला तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘‘सर, विश्वचषक मिळाला नसता तर तो अपयशीच ना?’’ मी लगेच उत्तर दिले नाही. तासिका तत्त्वावर सकाळी एका गावात, दुपारी एस.टी.ने दुसऱ्या गावात शिकवण्यात माझी स्वतःची नऊ वर्षे गेली आहेत. त्या वर्षांत मी काही कुणाची वाट पाहत बसलो नव्हतो, शिकवत होतो. कायम झालो तेव्हा करमाळ्यातले स्नेही मात्र म्हणाले, ‘‘चला, सुटलात एकदाचे.’’

पुढील सत्रात चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवायचा आहे. स्वाध्यायाला विषय दिला आहे : मुझुमदारची आसाममधील वर्षे. अट एकच, ‘दुर्दैव’ हा शब्द वापरायचा नाही. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने दोन पाने लिहून आणली आहेत, अजून वाचायची आहेत.