नव्या शिक्षकास तयारीचा तास द्यावा

सहावी ते आठवीच्या वर्गांवर प्रथमच उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचा दिवस हजेरीपटाने सुरू होतो आणि वह्यांच्या गठ्ठ्यापाशी संपतो. फळ्यावर ऋण संख्या असतात. समोर घराच्या आठवणीने गप्प झालेला एक, आवाज फुटू लागल्याने मोठ्याने वाचण्यास लाजणारा दुसरा, आणि भागाकारातच अडलेला तिसरा. पाठ-टाचणात ही मुले नसतात. त्यांची ओळख शिक्षकास वर्गातच करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकासाठी आठवड्याचे किमान 45 तास ठरविले. त्यांत पाठाच्या तयारीचे तासही धरलेले आहेत, याचा सोयीस्कर विसर पडतो. नवा माणूस म्हणून बदली तास, नोंदवह्या आणि रात्रीची देखरेख त्याच्याच वाट्यास येते.

बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह उघडले, ते मुलांना शिकता यावे म्हणून. निवासी शाळेतील मुलाची वही संध्याकाळी पाहणारे आईबाप जवळ नसतात. वर्गात न कळलेले तसेच राहते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की पहिल्या वर्षी नव्या शिक्षकास रोज एक मोकळा तास आणि एका अनुभवी सहकाऱ्याची सोबत मिळावी. माजी विद्यार्थ्यांनी सायंकालीन अभ्यासिकेचा भार थोडा उचलला, तर हे येत्या जूनपासूनही शक्य आहे.